जास्तीचं पाणी

कारखान्यात तिला सगळे तोंडावर तराजूबाई म्हणत आणि पाठ वळली की नुसतं तराजू. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचं काही वाटत नसे. वजन करणं हेच तिचं काम होतं, आणि चाचणी विभागात अठरा वर्षं काढल्यावर माणसाला असं एखादं नाव चिकटतंच. तिच्या मोठ्या भावाला तर अख्खा कारखाना दादा म्हणायचा, केवळ ती त्याला दादा म्हणायची म्हणून. तो तिथंच चाचणीचा ड्रायव्हर होता.

दादाची नोकरी बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. तो रोज सकाळी गाडीत बसायचा, दीडदोनशे किलोमीटर चालवायचा आणि जेवायच्या सुट्टीला जिथं बसला होता तिथंच उतरायचा. चाचणीची खोली चारी बाजूंनी बंद, पांढरी, एका भिंतीला जाड काच. गाडीची चाकं जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरवर टेकलेली. चाकं फिरली की रोलर फिरत, गाडी जागची हलत नसे. समोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकायची आणि दादाचा पाय त्या रेघेबरहुकूम दाबला जायचा. “सव्वीस वर्षांत पृथ्वीला वीस फेऱ्या मारल्या मी,” तो म्हणायचा, “पण एकदाही घाट लागला नाही की चहाची टपरी लागली नाही.”

दीड वर्षापासून त्या रोलरवर एकच गाडी उभी होती. हायड्रोजनवर चालणारी, नमुन्यादाखल बनवलेली, एकुलती एक. अंगानं पांढरी, नाक लांब, आणि थांबली की पोटाखाली पाण्याचं डबकं. त्यामुळे कामगारांनी तिचं नाव बगळा ठेवलं होतं. या गाडीत जळत काही नाही. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलच्या पातळ पत्र्यांच्या चळतीत एकमेकांना भेटतात, त्यातून वीज तयार होते, विजेवर मोटर फिरते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी येतं. निव्वळ पाणी, बेचव. पाहुणे आले की साहेब तेच पाणी ग्लासात धरून सगळ्यांसमोर घटाघटा पीत आणि टाळ्या घेत.

त्या पाण्यावर तराजूचं राज्य होतं. एक किलो हायड्रोजन खर्ची पडला की आठ किलो नऊशे चाळीस ग्रॅम पाणी आलंच पाहिजे, त्यात घासाघीस चालत नाही. खोलीत येणारी हवा आधी कोरडी करून सोडलेली असे. नळीतून निघणारी वाफ गार करून शेवटच्या थेंबापर्यंत कॅनमध्ये घेतली जाई आणि कॅन काट्यावर चढे. टाकीतून गेलेला हायड्रोजन आणि कॅनमध्ये आलेलं पाणी जुळलं की तराजू सही करी. दीड वर्षात ते रोज जुळलं होतं. मग एका मंगळवारी चारशे दहा ग्रॅम पाणी जास्त आलं.

कमी आलं असतं तर कुठंतरी गळतंय म्हणता आलं असतं. जास्त आलेल्या पाण्याला काय म्हणायचं? तिनं काटा प्रमाणित वजनं ठेवून तपासला. कॅन बदलला. हवा कोरडी करणारं यंत्र उघडून पाहिलं. नळ्यांचा एकेक सांधा हातानं चाचपला आणि गुडघे काळे करून घेतले. सगळं ठाकठीक होतं. बुधवारी लंबू नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची पाळी होती, तेव्हा पाणी चोख आलं. गुरुवारी दादा बसला, चारशे तीस ग्रॅम जास्त. शुक्रवारी लंबू, चोख. शनिवारी दादा, पाचशे. सोमवारी ती स्वतःच गाडीत जाऊन बसली आणि तीन तास त्या रेघेमागं डोळे फाडून पाय दाबत राहिली. पाणी चोख आलं, ग्रॅमाला ग्रॅम.

तिनं शनिवारचा पाचशेचा आकडा विभागाच्या फळ्यावर लाल खडूनं लिहिला. तासाभरात साहेब तिच्या टेबलापाशी आले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांना चांगली बातमी फार आवडायची, आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडं एक फार चांगली बातमी होती. दादा बसला की गाडी तेवढ्याच हायड्रोजनमध्ये जास्त पळत होती.

“बाई, गाडी बारा टक्के जास्त जातेय आणि तुम्ही बादली घेऊन रडताय?”

“रडत नाहीये. विचारतेय. हे पाणी आलं कुठून?”

“काट्यात काहीतरी असेल.”

“काट्यात काही नाही. तुम्ही वर उभे राहून बघा, हवं तर.”

साहेबांनी जाता जाता फळा पुसला. ते जिन्यापर्यंत पोचायच्या आत तिनं तोच आकडा पुन्हा लिहिला, आधीपेक्षा मोठा.

गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरचं वजन घ्यायचं हा तिथला जुना रिवाज. रोलरवर किती ओझं लावायचं ते त्यावर ठरायचं. उतरल्यावर मात्र कुणी कुणाचं वजन घेत नसे. कशाला घेईल? माणूस गाडीत बसतो, उतरतो, जेवायला जातो. अठरा वर्षांत तिलाही कधी सुचलं नव्हतं, आणि ते आता सुचलं याचा तिला स्वतःचाच राग आला. दादा खोलीतून बाहेर आला तशी तिनं त्याचा दंड धरून त्याला काट्यावर उभं केलं.

“अगं, लग्नाला दाखवायचंय का आता मला? बावन्न वय झालं.”

“गप उभा राहा.”

पहिल्या मंगळवारी सकाळी तो एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम होता, आज सकाळी सत्तर किलो साठ. आता एकोणसत्तर किलो पाचशे तीस. सकाळपासून पाचशे तीस ग्रॅमचा फरक. ती वळली आणि तिनं मागं ठेवलेल्या कॅनवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. त्या दिवशीचं जास्तीचं पाणी पाचशे तीस ग्रॅम होतं.

घाम म्हणावा तर शर्ट कोरडा ठणठणीत, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. गाडीत माणूस बसतो तिथली हवा वेगळी आणि फ्युएल सेलला जाणारी हवा वेगळी. मध्ये सलग पोलादी पत्रा. गाडीचे नकाशे तिला तोंडपाठ होते, तरी तिनं बॅटरी घेऊन तो पत्रा पुन्हा डोळ्यांनी पाहिला आणि बोटांनी चाचपला. त्यातून एक थेंब पलीकडं जायला वाट नव्हती.

“तहान लागली का रे?” तिनं विचारलं.

“नाही गं.” दादानं जरा विचार केला. “खरं म्हणजे हल्ली लागतच नाही.”

त्या पहिल्या मंगळवारपासून चार आठवड्यांत दादाचं साडेनऊ किलो वजन उतरलं. तेवढं वजन उतरलेला माणूस हडकलेला दिसतो, गालफडं बसतात, विजार कंबरेवर ठरत नाही. दादा होता तसाच होता. चेहरा गोल, पोट थोडं सुटलेलं, पट्ट्याचं भोक तेच. घरी ती त्याला तांब्यावर तांब्या पाणी पाजायची आणि तोही बहिणीचा हट्ट म्हणून पीत राहायचा. सकाळी काट्यावर त्यातलं काही शिल्लक नसायचं. आईला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आईचं हृदय अधू होतं आणि डोळे मात्र नको तितके तेज.

“तू कॉटवर बसलास की आधी कुरकुरायची,” एका रविवारी आई म्हणाली. “हल्ली कुरकुरत नाही ती.”

“तेल घातलंय, आई,” तराजू म्हणाली. आईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

आई उठून गेल्यावर तिनं दादाला स्पष्टच विचारलं, “गाडीत बसल्यावर काय होतं तुला?”

“काही नाही. रेघ बघायची, पाय दाबायचा.”

“दादा.”

तो नखं न्याहाळू लागला. “कुणीतरी आपलं ऐकून घेतंय असं वाटतं,” तो म्हणाला. “मी काही बोलत नाही गं. तरी ऐकून घेतंय. आणि उतरलं की इतकं बरं वाटतं, इतकं हलकं…” तिच्या चेहऱ्याकडं पाहून तो थांबला.

तिला भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ संताप आला, तिच्या स्वभावाप्रमाणं. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून दादानं सही केली होती. त्या माणसाला कुणी ग्रॅमाग्रॅमानं घेऊन जावं आणि तिनं चिठ्ठीवर आकडा लिहून सही करावी, हे व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत शिरली आणि उभ्याउभ्या म्हणाली, “माझ्या भावाला या गाडीवरून काढा.”

साहेबांनी त्याच दिवशी पाहुण्यांना बोलावणी धाडली होती. दोन दिवसांनी, एका टाकीत एक हजार किलोमीटर. आजवर कुणाला साधलं नव्हतं. चालवणार अर्थात दादा.

“त्याचं वजन…”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं. तब्येत उत्तम म्हणतात.”

“मग झालं तर.”

“मी सही करणार नाही.”

“तुमच्या सहीवाचून अडत नाही, बाई. मी करीन.”

“करा. पण त्या काचेपाशी मी उभी असेन. मला तिथून हलवायला चार माणसं लागतील, एवढं ध्यानात ठेवा.”

साहेबांशी भांडणं त्या मानानं सोपं होतं. दादाशी भांडायला तिच्याकडं शब्द अपुरे पडले. “सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या मी,” तो शांतपणे म्हणाला. “गाडी बनवणाऱ्याचं नाव होतं, पैसे घालणाऱ्याचं होतं. एकदा ड्रायव्हर म्हणून माझं नाव कागदावर येतंय, तर येऊ दे ना, छोटे.” छोटे म्हटलं की ती विरघळते हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी ती विरघळली नाही. तिनं गाडीची चावी ब्लाउजमध्ये खोचून घरी नेली. कारखान्यात दुसरी चावी होती.

ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता दादा काट्यावर चढला तेव्हा एकसष्ट किलो नऊशे ग्रॅम भरला. त्यानं नवा शर्ट घातला होता. टाकी भरणारे काका, कारखान्यातले सगळ्यांत जुने, काट्याकडं बघत राहिले. त्यांनी टाकीची झडप दोनदा तपासली आणि नंतर तिच्याकडं एकदा पाहिलं. गाडी सुरू झाली. फ्युएल सेलच्या गाडीला आवाज असा नसतोच, हवा आत ओढणाऱ्या पंख्याची बारीक सूं असते. पाहुणे खुर्च्यांवर बसले, बिस्किटं खाऊ लागले. तराजू काचेपाशी उभी राहिली.

दुपारपर्यंत सहाशे किलोमीटर झाले. दादानं मध्ये विश्रांती घ्यायची होती, ती घेतली नाही. खिडकीतून त्यानं फक्त हात हलवला. काका कॅन बदलत होते. दहावा, अकरावा. तराजूनं मनातल्या मनात बेरीज चालवली होती आणि बेरीज केव्हाच हाताबाहेर गेली होती.

चार वाजता नऊशे किलोमीटर झाले आणि टाकीचा काटा शून्यावर टेकला.

पाहुण्यांनी हळहळून च्‌च्‌ केलं. पण रोलर फिरत होते. नऊशे पाच. नऊशे दहा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“काट्याची चूक आहे,” साहेब हसून म्हणाले. हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं, मागं न्यायचं विसरल्यासारखं.

“काका,” तराजू म्हणाली, “टाकीत किती आहे?”

काकांनी दाबाचं दुसरं मीटर पाहिलं, मग तिसरं. “काही नाही, बाई.”

“मग तो कशावर चाललाय?”

मागच्या नळीतून पाणी कॅनमध्ये पडत होतं, एका लयीत.

तिनं भिंतीवरचं लाल बटण तळहातानं दाबलं. खोलीतला पडदा विझला. टाकीची झडप खट्‌ करून बंद झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साहेब ओरडले, “बाई!”

रोलर फिरत राहिले.

चाक फिरत असताना चाचणीच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हा नियम तिनंच टाइप करून दारावर चिकटवला होता. तिनं दार उघडलं.

आतली हवा कोरडी होती. एका श्वासात तिचा घसा खरवडला. गाडी जागच्या जागी शंभरच्या वेगानं धावत होती. दादा ताठ बसला होता, नजर समोरच्या काळ्या पडद्यावर. पडद्यावर आता काहीच नव्हतं. तरी त्याचा पाय खाली जात होता, वर येत होता, पुन्हा खाली जात होता. रेघ पाळत होता.

“दादा, उतर.”

“थोडंच राहिलंय.”

“किती?”

“सांगतील.”

“कोण सांगेल?”

तो हसला. कुणाची चहाडी करायची नसली की माणूस हसतो तसं. पंख्याची सूं जरा वाढली.

तराजूनं गाडीच्या टपावर थाप मारली. हात झणझणला. सव्वीस माणसं काचेतून पाहत होती आणि ती एका यंत्राशी भांडत होती. तिला त्याची काडीची लाज वाटली नाही.

“ऐक,” ती म्हणाली. “तुला टाकी भरून दिली होती. ती संपली. संपली म्हणजे संपली. हा टाकी नाही. हा माझा भाऊ आहे.”

सूं चालूच.

“सोड त्याला. नाहीतर पत्रा न् पत्रा सुटा करीन तुझा. मला येतं ते.”

तिनं दार ओढून उघडलं, दादाचा पट्टा सोडला, दोन्ही बगलांखाली हात घातले आणि पाय रोवून ओढलं.

तो आला. वाळलेली चादर दोरीवरून खाली यावी तसा आला.

दोघं फरशीवर पडली. त्याचा पाय अजून हवेत रेघ पाळत होता. तिनं त्याचं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तेव्हा तो थांबला.

बंद केलेले रोलर थांबायला वीस सेकंद लागतात. त्या दिवशी त्यांना चार मिनिटं लागली.

दवाखान्यात दादाला दोन दिवस ठेवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. रक्त, नाडी, मूत्रपिंडं, सगळं पुस्तकात लिहावं असं. वजन अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम भरलं, तेव्हा त्यांनी वजनाचं यंत्र दुरुस्तीला पाठवलं. दादा शांत होता, विचारलं तेवढं बोलत होता. एकदा म्हणाला, “किती राहिलं होतं गं?” तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. सलाइन लावलं, ते जितकं आत गेलं तितकं सकाळपर्यंत कुठं गेलं ते कळलं नाही. वजन तेच राहिलं.

एकाहत्तर चारशेतून अठ्ठावन्न चारशे गेले की तेरा राहतात. तेरा किलो. तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून कागदावर सगळ्या दिवसांच्या जास्तीच्या पाण्याची बेरीज केली. तेरा किलो, वर एक ग्रॅम नाही. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाचणीचं पाणी फेकून देत नसत. पुढंमागं कुणी शंका काढली तर फेरतपासणी करता यावी, म्हणून प्रत्येक दिवसाचे कॅन तारीख आणि ड्रायव्हरचं नाव घालून तीन महिने कोठारात ठेवायचे असत. दादाचं जे गेलं होतं ते कुठं हवेत उडालं नव्हतं. ते फडताळावर ओळीनं मांडलेलं होतं, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावून.

साहेब कोठाराच्या दारात आडवे उभे राहिले. पाहुण्यांसमोर व्हायची ती शोभा झाली होती आणि ते चिडले होते. “ते पाणी कारखान्याचं आहे. एक कॅन हलवायचा नाही.”

“तुमचं तुम्हाला ठेवते की,” ती म्हणाली. “एका किलोला आठ किलो नऊशे चाळीस. तेवढं तुमचं. थेंबही कमी करणार नाही. वरचं आमचं आहे, ते मी नेणार.”

“बाई, तुमचं डोकं ठिकाणावर नाही.”

“असेल. बाजूला व्हा.”

साहेब बाजूला झाले. का झाले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. तिनं काटा आणवला, बाह्या सावरल्या आणि एकेक कॅन उघडला. कारखान्याचा वाटा कॅनमध्ये ठेवायचा, वरचं मापून आपल्या स्वच्छ कॅनमध्ये ओतायचं. चारशे दहा. चारशे तीस. पाचशे. पाचशे तीस. काका कॅन पुढं सारत होते. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, “बाई, एकाच कॅनमध्ये पडलंय हे सगळं. यातलं दादाचं कुठलं आणि गाडीचं कुठलं, कसं कळायचं?”

“वजन कळतं ना,” ती म्हणाली. “तेवढं पुरे.”

तेरा किलो भरले तेव्हा ती थांबली. उरलेलं पाणी साहेबांनी त्याच संध्याकाळी, तिच्यावरच्या रागानं, गटारात ओतायला लावलं.

घरी तिनं ते दादाला सकाळी एक लिटर आणि संध्याकाळी एक लिटर असं पाजलं. त्याला बेचव लागे, पण तो मुकाट्यानं पीत असे. पहिल्या दिवशी दोन किलो वाढले. दुसऱ्या दिवशी ते टिकलेले होते आणि आणखी दोन वाढले. नळाचं पाणी टिकत नव्हतं, हे टिकलं. सहाव्या दिवशी तो बसला आणि कॉट कुरकुरली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दाराला टेकून उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. सातव्या दिवशी कॅन संपला. काट्यावर एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम. त्याच दुपारी दादा म्हणाला, “पाणी दे गं जरा, घसा सुकलाय.” ती मोरीत गेली, नळ सोडला आणि ग्लास भरून वाहू लागला तरी तिथंच उभी राहून पोटभर रडली.

कारखान्याशी तिचं भांडण पुढं दोन महिने चाललं आणि त्यात तिला मजा आली हे कबूल केलं पाहिजे. तिनं खरे आकडे लिहून बारा वरिष्ठांना बारा पत्रं पाठवली. त्यांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा तिनं आणखी बारा पाठवली. शेवटी गाडीतून फ्युएल सेल काढून ती एका प्रदर्शनात चौथऱ्यावर उभी केली गेली. दार कुलूपबंद, आत बसायला कुणाला परवानगी नाही. साहेबांची बदली झाली. दादानं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तो घरात लुडबुड करू लागला, बरण्यांची झाकणं घट्ट लावणं, आईला वर्तमानपत्र वाचून दाखवणं असलं काहीबाही. जिंकलो आपण, तराजू स्वतःशी म्हणायची, आणि ते खरंच वाटायचं.

थंडी पडली. एका सकाळी बाहेर गवतावर पांढरं हिव साचलं होतं, आणि समोरच्या घरातला शिंपी त्याची म्हातारी मोटार चालू करायच्या खटपटीत होता. मोटार खोकायची, गचके द्यायची आणि बंद पडायची. शिंपी खाली उतरून तिला लाथ घालायचा, मग माफी मागितल्यासारखा तिच्या टपावरून हात फिरवायचा. दादा आणि तराजू खिडकीशी उभी राहून हसत होती. दादा तर नाक काचेला लावून खदाखदा हसत होता, कितीतरी महिन्यांनी, अगदी जुन्यासारखा.

हसता हसता तिला शिंपी दिसेनासा झाला. काच गार होती आणि तिच्या श्वासानं तिच्यासमोर पांढरी वाफ धरली होती. ती पुसायला तिनं हात उचलला आणि बाजूला पाहिलं.

दादासमोरची काच लख्ख होती. तो पुन्हा हसला, तोंड उघडून, काचेपासून दोन बोटांवर. काच लख्खच राहिली. पलीकडचं गवत, शिंपी, शिंप्याच्या तोंडातून निघणारी वाफ, सगळं काचेतून स्वच्छ दिसत होतं.

“पुन्हा घातली बघ लाथ,” दादा म्हणाला.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. “काय बघताय रे एवढं?” आईनं विचारलं, आणि तिची पावलं जवळ येऊ लागली.

तराजू दादाच्या खांद्यावरून वाकली आणि तिनं त्याच्यासमोरच्या काचेवर आपला श्वास सोडला. आई दारात येऊन उभी राहीपर्यंत ती सोडत राहिली.